बहात्तरच्या आत

सगळं जुळलं होतं. रक्ताचा गट जुळला, पेशी जुळल्या, तिच्या दोन्ही किडन्या ठणठणीत निघाल्या. डॉक्टरांनी कागद पुन्हा एकदा चाळले आणि म्हणाले, "बहीण म्हणून तुम्ही लाखात एक आहात. फक्त वजन आडवं येतंय. शहाऐंशी आहे. बहात्तरच्या आत या, मग ऑपरेशन करू. त्याआधी तुम्हाला टेबलावर घेणं म्हणजे एकाला वाचवायला दुसऱ्याला धोक्यात घालणं."

"वेळ किती आहे?" तिने विचारलं.

"सहा महिने धरा. त्यांचं हृदय तोवर साथ देईल असं वाटतंय."

त्यांचं म्हणजे तिच्या धाकट्या भावाचं, ज्याला ती एक किडनी देणार होती. तो शेजारच्या खुर्चीत बसून हसत होता. "चौदा किलो, ताई. माझं काम सोपं आहे बघ, मी चार तासांत तीन किलो उतरवतो."

हे खरंच होतं. भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवायचा. किडन्या गेल्यापासून शिडीवर चढणं बंद झालं होतं. आठवड्यातून तीनदा तो डायलिसिसला जायचा. मशीनला लावण्याआधी नर्स त्याला काट्यावर उभं करायची आणि सुटल्यावर पुन्हा उभं करायची. मधल्या चार तासांत जे उतरायचं ते सगळं पाणी असायचं, दोन दिवसांत शरीरात साचलेलं, बाहेर पडायची वाट बंद झालेलं. म्हणून त्याला दिवसाला अर्धा लिटर पाणी ठरवून दिलेलं होतं. चहा त्यातच, औषधाचा घोटही त्यातच.

ती सत्तेचाळीस वर्षांची होती आणि एकवीस वर्षं एका मोठ्या लाँड्रीत काम करत होती. तिथे इस्पितळांच्या चादरी यायच्या. धुलाईची यंत्रं एका बाजूला, मधे वाफेवर तापलेले इस्त्रीचे रोलर, आणि रोलरमधून बाहेर येणाऱ्या गरम चादरीची दोन टोकं धरायला समोरासमोर उभ्या दोन बायका. ती त्यांतली एक. चादर ताणायची, समोरासमोर चालत यायचं, कोपऱ्याला कोपरा लावायचा, मागे जायचं. एका पाळीत सहाशे चादरी. समोरची बाई इतकी सडपातळ, की सगळे तिला काडी म्हणत. हिला मोठीबाई. हे दोघींनीही कधीच मनावर घेतलं नव्हतं. शरीर ही तिच्या लेखी आजवर एक चेष्टेची गोष्ट होती. आता ते एक दार झालं होतं आणि त्यात तीच अडकली होती.

"चौदा किलो?" काडी चादर ताणत म्हणाली. "अगं, रक्ताने माखलेली चादर येते, तिला आपण काय करतो? उपाशी ठेवतो? पळवतो? एक पाणी जास्त देतो. दोन पाण्यांनी नाही निघालं तर तिसरं. तिसऱ्याने नाही तर चौथं. निघतंच."

"मी काय चादर आहे?"

"आहेस ना. डबलबेडची."

दोघी हसल्या. पण मोठीबाईच्या डोक्यात ते बसलं. एकवीस वर्षं तिने एकच गोष्ट पाहिली होती: डाग कितीही जुना असू दे, पुरेसं पाणी मिळालं की तो जातो. औषधांवर, व्यायामावर, पुस्तकातल्या तक्त्यांवर तिचा विश्वास नव्हता. पाण्यावर होता. दुसऱ्या दिवशी ती लिटरच्या तीन बाटल्या घेऊन कामावर आली.

पहिल्या दोन महिन्यांत चार किलो उतरले. पूर्वी ती पाळीत सात-आठ वेळा यंत्रातला गोडमिट्ट चहा प्यायची. आता चहाच्या जागी पाणी आलं. जेवायच्या आधी एक लिटर पोटात गेलं की ताटातलं निम्मं नको व्हायचं. काडी येईल त्याला सांगायची, "पाण्याचा गुण बघा!" कपडे मोजून घेणारा काटेवाला मात्र लाँड्रीतल्या जमिनीत बसवलेल्या काट्यावर तिला उभी करून म्हणायचा, "मावशी, या काट्यावर धुवायचा माल चढतो. तुमचं वजन कुणाच्या नावावर लिहू?"

त्याच काट्यावर ती रोज पाळी संपल्यावर चढायची. रोलरच्या उष्म्यात आठ तास घामाने निथळल्यावर. ओल्या आणि कोरड्या चादरीच्या वजनातला फरक म्हणजे फक्त पाणी, हे त्या जागेतल्या भिंतींनाही ठाऊक होतं. पण काट्यावर उभी असलेली बाईसुद्धा आत्ताच पिळून निघाली आहे, हे तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. माणूस ज्या गोष्टीत मुरलेला असतो तीच त्याला स्वतःवर लावता येत नाही.

घरी मात्र ती चोरून प्यायची. घर दोन खोल्यांचं. भावाला दिसू नये म्हणून ती न्हाणीघरात जाऊन दार लावायची, नळ सोडायची आणि बाटली तोंडाला लावायची. भाऊ पलंगावर बसून बर्फाचा एक खडा गालात धरून असायचा. तो विरघळेपर्यंत बोलायचा नाही.

एकदा ती बाहेर आली तर तो म्हणाला, "ताई, नळाचा आवाज वेगळा आणि घशाचा वेगळा."

तिने बाटली पाठीमागे धरली.

"चोर मध्यरात्री घर फोडतो, तेवढ्या गुपचूप पाणी पितेस. इथे बसून पी."

"तुला त्रास होईल."

"त्रास आहेच. तू न्हाणीत गेलीस म्हणून तहान बाहेर जात नाही." मग हसून म्हणाला, "काय घर आहे बघ. एक पाणी पिऊन बारीक होणार, दुसरा पाणी न पिऊन फुगणार. कुणाला सांगितलं तर दोघांना वेड्यात काढतील."

तेव्हापासून ती त्याच्यासमोर प्यायला लागली. तो पाहायचा. ती ग्लास ठेवायची तेव्हा त्याच्या घशाची घाटी हलायची, जणू शेवटचा घोट त्यानेच गिळला.

तिसऱ्या महिन्यापासून काटा अडला. मग तिने जेवण आणखी कमी केलं. स्वयंपाक एकच असायचा, भावाचा, बिनमिठाचा. वेगळी चूल कोण मांडणार? पाणी तीन लिटरांवरून पाच, पाचांवरून सात झालं. लाँड्रीत आता तिला टाकी म्हणायला लागले. "टाकी भरली का?" "टाकी रिकामी करायला गेली वाटतं!" पाळीतली मुकादमीण कुरकुरायची, कारण ती दर अर्ध्या तासाला जागा सोडून जायची आणि काडीला चादरीची दोन्ही टोकं एकटीला धरावी लागायची. काडी धरायची. तोंडातून ब्र काढायची नाही.

पाचव्या महिन्याच्या शेवटी लाँड्रीचा काटा शहात्तर दाखवत होता. ती हरखून इस्पितळात गेली, सकाळी, रस्त्यात एक लिटर पिऊन. तिथे ऐंशी भरलं.

"तुमचा काटा बिघडलाय," ती आहारतज्ज्ञ बाईंना म्हणाली.

बाईंनी तिला बसवून सगळं विचारलं. काय खाता, काय पिता, कधी मोजता. ऐकून झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, पाण्याने चरबी धुतली जात नाही. सुरुवातीला उतरलं ते साखरेचा चहा सुटला म्हणून, आणि पोट भरल्यासारखं वाटून दोन घास कमी गेले म्हणून. तेवढाच त्याचा उपयोग. तीन लिटर काय आणि सात काय, वरचं सगळं फक्त बाहेर जातं. आणि तुम्ही मोजता तो घाम आहे. तो घरी गेल्यावर परत भरतो."

"म्हणजे पाच महिने वाया?"

"सहा किलो गेलेत, ते खरे आहेत. पाणी कमी करा. थोडं चाला, नीट जेवा, हळूहळू..."

हळूहळू हा शब्द ऐकला आणि तिने ऐकणं थांबवलं. तिच्याकडे एक महिना होता. हळूहळू ज्यांच्याकडे असतं त्यांना ते सांगावं. बस थांब्यावर उभी राहून तिने विचार केला, की बाईंचं म्हणणं खरं असेल तर आपल्याकडे दुसरं काहीच नाही. आणि ज्याच्याकडे दुसरं काही नसतं तो हातातलं सोडत नाही. तिने बाटल्या वाढवल्या. जेवण जवळजवळ बंद केलं.

बारा दिवसांनी ती रोलरसमोर पडली. सकाळपासून डोकं फुटायची वेळ आली होती, दोनदा उलटी झाली होती. काडीने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पाणी कमी पडलं असेल," आणि उरलेली बाटली संपवली. मग तिच्या हातातलं चादरीचं टोक सुटलं. काडीला आधी वाटलं, चेष्टा करतेय. पण मोठीबाई जमिनीवर हातपाय झाडत होती आणि तिचे डोळे पांढरे झाले होते.

रक्तातलं मीठ धोक्याच्या पातळीखाली गेलं होतं. उष्म्यातला घाम, बिनमिठाचं जेवण, रिकामं पोट आणि वरून नऊ लिटर पाणी. इस्पितळात तिला सहा दिवस ठेवलं. पहिले दोन दिवस पाणी मोजून दिलं, कपाने. भाऊ भेटायला आला आणि पलंगाजवळचा तो छोटा कप पाहून म्हणाला, "अगं, हा तर माझाच कप."

तिला हसू आलं नाही.

किडनीच्या डॉक्टरांनी तिची फाइल मागवली. "असं झालंय तर आता लगेच नाही घेता येणार," ते म्हणाले. "तीन महिने थांबावं लागेल. सगळ्या तपासण्या पुन्हा. तुमच्या मेंदूवर, किडनीवर परिणाम झालेला नाही याची खात्री हवी."

"वजन बहात्तर झालं तरी?"

"आता प्रश्न वजनाचा नाही."

काडी रोज यायची. पलंगाच्या कडेला बसून चादरीचा कोपरा घडी करत राहायची, उलगडायची, पुन्हा करायची. शेवटच्या दिवशी म्हणाली, "माझ्या जिभेला हाड नाही. मी चेष्टा केली होती गं."

"मला कळत होतं चेष्टा आहे ते," मोठीबाई म्हणाली. "मला ती खरी हवी होती."

ते तीन महिने तिने इस्पितळात सांगितलं होतं तसे काढले. नीट जेवली, चालली, दोन लिटरच्या वर गेली नाही. वजन महिन्याला तीन किलोने उतरत होतं. आहारतज्ज्ञ बाई खूश होत्या. पण भाऊ जिना चढताना दर तीन पायऱ्यांनी थांबू लागला होता. आडवं झालं की त्याला श्वास पुरेना, म्हणून तो उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायचा. डायलिसिस चालू असताना दोनदा त्याचा रक्तदाब इतका खाली गेला की मशीन मधेच सोडवावं लागलं.

ठरल्या तारखेला दोघं गेली. डॉक्टरांनी तिचे कागद पाहिले, म्हणाले, चांगले आहेत. मग भावाच्या हृदयाची तपासणी पाहिली आणि बराच वेळ पाहतच राहिले.

"हृदय खूप थकलंय," ते भावाला म्हणाले. "चौथ्या हिश्श्यानेच चालतंय. एवढं मोठं ऑपरेशन ते सोसणार नाही. आपण डायलिसिसच चालू ठेवू, जमेल तोवर."

भावाने मान हलवली. त्याला ते आधीच कळलेलं असावं.

"तीन महिन्यांपूर्वी केलं असतं तर?" तिने विचारलं.

"असा विचार करू नका."

"मी विचार नाही करत, विचारतेय. तेव्हा सोसलं असतं का?"

डॉक्टरांनी जुना अहवाल काढला. त्यांना खोटं बोलता आलं असतं. "तेव्हा बरं होतं," ते म्हणाले. "पण तेव्हाही तुमचं वजन ऐंशी होतं. त्यामुळे..." त्यांनी अहवाल मिटला. मग म्हणाले, "आता तुम्ही स्वतःवर कसलंही बंधन ठेवायची गरज नाही."

दोघं घरी आली. दुपारची वेळ होती, समोरच्या इमारतीत कुणीतरी भिंतीत खिळा ठोकत होतं. तो पलंगावर बसला, ती खुर्चीत. तिच्या मांडीवरची पर्स तशीच होती. खिळ्याचा आवाज थांबला तेव्हा भाऊ म्हणाला, "ताई, एक ग्लास पाणी दे. भरून."

"सकाळचा चहा झालाय. औषधाचं उरलंय ते..."

"माप नको. भरून दे."

"उद्या मशीनवर झेपणार नाही तुला. मागच्या वेळी काय झालं पाहिलंस ना?"

"पाहिलं की. मीच होतो तिथे."

तिने मांडीवरची पर्स बाजूला ठेवली. नाही म्हणायचं तर कशाच्या जोरावर म्हणायचं, हे तिला सापडेना. कालपर्यंत नाही म्हणण्याला अर्थ होता; त्याचं शरीर ती कशासाठी तरी राखत होती. आता फक्त नाही उरलं होतं. ती उठली. मोठा ग्लास घेतला, काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी धरून आणला.

तो न थांबता प्यायला. हनुवटीवरून ओघळलेलं त्याने हाताने पुसलं आणि हात चाटला. मग डोळे मिटून उशीला टेकला. त्याचा श्वास चढलेला ऐकू येत होता.

"किती गार होतं," तो म्हणाला.

"हं."

"उद्या काट्यावर जास्त भरणार. नर्स ओरडेल. तू येशील ना बरोबर?"

"येईन. रजा टाकते."

"मग तूच सांग तिला, मी दिलं म्हणून."

"सांगेन," ती म्हणाली. "मीच दिलं म्हणून सांगेन."