झुंबरबाईची नजर

चाळीसगावच्या व्हिडिओ हॉलबाहेर झुंबरबाई शेंगा विकायची. तिची नजर वाईट, या बोभाट्यानं तिचं गिऱ्हाईक तुटत चाललं होतं. त्या दुपारी, नुसतं रोखून बघून समोरच्याचं डोकं फोडणाऱ्या गोऱ्या साहेबांचा इंग्रजी पिक्चर सुटला. लोक हसतच बाहेर आले.

"नुसतं देखीसन कोनं डोकं फुटस का? बठ्ठं खोटं शे!" त्यातला भाईदास म्हणाला. "टरबूज फोडं व्हई त्यासनी!"

"मंग शेंगा ले ना, भाऊ."

"नको, अक्का." त्याची नजर जमिनीवर. "घरमा तान्हं पोर शे."

टोपली आपटून ती उठली. "सायबनी नजर खोटी आन् मनी नजर खरी? वर देख, भाईदास! फुटू दे तुनंबी टरबूज!"

भाईदासच नव्हे, अख्ख्या घोळक्यात कुणी मान वर करेना.