बॉनेटखालची नाल

"मावशी, पुन्हा बंद पडली," माधव म्हणाला. त्याची जीप टेम्पोला बांधून माझ्या गॅरेजपर्यंत ओढत आणली होती. मागच्या सीटवर त्याची आई, कौसाबाई. चेहरा सुजलेला.

माधव तिला अहमदपूरहून नांदेडला डायलिसिसला नेतो. आज गाडी वाटेतच थांबली आणि नंबर गेला. दवाखान्यानं उद्या सकाळी बोलावलं होतं. उद्यापुरती कुणाचीही गाडी मागता आली असती. दर खेपेला कोण देणार?

माझी शाळा चौथीपर्यंत. गॅरेज नवऱ्याचं होतं, तो गेल्यापासून मी चालवते.

स्कॅनर लावला. कोड आला: कॅमशाफ्ट पोझिशन सेन्सर, सिग्नल तुटतोय. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनातला दांडा, तो व्हॉल्व्ह उघडतो. दांडा कुठवर फिरला ते सेन्सर कॉम्प्युटरला कळवतो. निरोप तुटला की डिझेल कधी सोडायचं ते कॉम्प्युटरला कळत नाही. इंजिन बंद.

"सेन्सर लातूरला बदललाय," माधव म्हणाला. "नव्यानं बी तेच."

"मग अजून एक घालू नको."

निरोप्या धड असेल तर रस्ता बघायचा. सेन्सरच्या प्लगला मीटर लावला, व्होल्टेज बरोबर. तिथून वायरीवर बोट फिरवत निघाले. अर्ध्या वाटेत काळ्या दोऱ्यानं करकचून बांधलेलं लोखंड हाताला लागलं.

"हे काय?"

"काळ्या घोड्याची नाल हाय," कौसाबाई म्हणाली. "बंपरवरची चोरानं नेली. म्हणून ही आत बांधली."

"आणि गाडी कधीपासून बंद पडते?"

माधवनं वाकून नालेकडे बघितलं. "त्याच्यानंतरच."

"नजर लई वाईट," कौसाबाई म्हणाली. "नाल हाय म्हणून एवढ्यावर निभावलं."

"काढते मी."

"हात लावू नको बाई! शनिवारी बांधलेली हाय. लातूरच्या मेस्तरीनं बी पाया पडून बाजूनं काम केलं."

"म्हणूनच तू इथं बसलीस."

वाद घालायला वेळ नव्हता. माधवला गाडी चालू करायला लावली. स्कॅनर कौसाबाईच्या मांडीवर ठेवला. "सिग्नलची ही रेघ बघ. तुटली की ओरड." स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं नाल दाबली.

"तुटली!" कौसाबाई ओरडली. इंजिन थांबलं.

"पुन्हा बघायचं?"

"बघू."

पुन्हा तुटली. कौसाबाई माधवचा खांदा धरून खाली उतरली आणि दोऱ्याची गाठ तिनंच सोडली. खाली वायरीचं कातडं घासून गेलेलं, आतलं तांबं उघडं. इंजिन थरथरलं की नाल तांब्याला टेकायची आणि निरोप तिथंच तुटायचा.

खराब तुकडा कापला, नवा जोडला, सोल्डर मारलं, वर स्लीव्ह चढवली. नांदेडच्या रस्त्यावरच्या माळेगावपर्यंत गाडी तापवून आणली. एकदाही अडखळली नाही.

कौसाबाई नाल पदरात धरून बसलेली. तिच्याकडून घेतली, बंपरला बोल्टनं आवळली आणि बोल्टची डोकी घासून गोल केली. आता चोराचा पाना बसत नाही.

दुसऱ्या दिवशी माधवचा फोन आला. "पोचलो मावशी. आईला मशीनवर घेतलंय." मागून कौसाबाईचा आवाज: "सांग तिला, नालेनं आणलं."

"हाव," मी म्हटलं.

सेन्सर बदलण्याआधी त्याच्या वायरीवरून शेवटपर्यंत बोट फिरवावं. वाटेत देव लागला तर विचारून बाजूला सरकवावा.