वरून आलू, खालून कोंबडी

शपथ घेऊन सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे शब्द माझे आहेत, पण गोष्ट खरी आहे. म्हणजे बरीचशी! पांढुर्ण्यात चार लोक दर रविवारी एकाच घरी जेवू लागले की किस्से कडब्याच्या गंजीसारखे साचतात. कुठला कोणत्या रविवारचा, हे आता मलाही सांगता येत नाही.

घर भास्करभाऊंचं. तहसिलीत कारकून, माझे शेजारी. त्यांच्या बायकोनं, कमलवहिनींनी, रेल्वे क्वार्टरमधल्या एका गार्डच्या बायकोकडून 'कॅसरोल' शिकून घेतलं. पातेल्यात खाली कोंबडी, तिच्यावर गाजर-मटार-फुलकोबी, वरून कुस्करलेल्या आलूचा थर, आणि सगळं भट्टीत भाजायचं.

"केस-रोल?" भास्करभाऊ दचकले. "जेवनात एक केस निघाला तं मी ताट सरकवतो, अन् तू मुद्दाम टाकून राहिली?"

*

भट्टी कुठून आणायची? वहिनींनी रोडगे भाजायची अक्कल लावली. पातेलं बाभळीच्या निखाऱ्यांवर, झाकणावरही निखारे. पहिल्याच दिवशी झाकण काढताना वरची राख आत सांडली. मी पाहुणा, कौतुक करणं भाग.

"वा! मिरपूड मस्त पडली!"

"मिरपूड नाही भाऊजी," वहिनी शांतपणे म्हणाल्या, "बाभूळ हाय."

*

भास्करभाऊंची आई सौसरहून आली. माळकरी. वहिनींनी वरवरचा आलू अलगद काढून त्यांना वाढला.

"सारी भाजीच हाय, आई."

म्हातारीनं दोन घास खाल्ले, बोट चाटलं आणि म्हणाली, "वरचंच वाढत जाय वं. खालचं मले मालूम हाय!"

*

मग राज्यं नव्यानं आखली गेली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. राजधानी भोपाळ, कागद हिंदीत. भास्करभाऊ जेवता जेवता म्हणाले, "आपलं गाव बी कॅसरोलच झालं. वरून मध्य प्रदेश, खालून मराठी!"

हसले, आणि त्याच आठवड्यात त्यांची बदली पार तिकडं उत्तरेला, रीव्याला निघाली. घरच्या संत्र्यांना पहिलाच बहार आलेला, पाणी द्यायला दुसरं कोणी नाही. बदली थांबवणं नव्या साहेबांच्या हातात. साहेब जबलपूरकडचे, घरात कांदासुद्धा शिजत नाही. वहिनींनी त्यांना बायकोसकट जेवायला बोलावलं.

दोन पातेली लावली. एक साहेबांचं, निव्वळ भाज्यांचं. दुसरं आमचं. ओळखायला साहेबांच्या आलूवर टमाटरची एक चकती. पण घाबरलेल्या हातानं निखारे जास्त पडले. दोन्ही थर सारखेच काळे, चकती कुठली न् आलू कुठला!

साहेबांनी चमचा घातला आणि ताटात तंगडी आली.

भास्करभाऊंच्या हातातला तांब्या तिथंच थांबला. मला तर रीव्याच्या गाडीची शिटी ऐकू आली.

साहेबांच्या बाईंनी विचारलं, "यह क्या है जी?"

साहेबांनी तंगडी उचलली, नीट न्याहाळली, एक लचका तोडला. "सहजन की फली है," ते म्हणाले. "इधर की मिट्टी में मोटी होती है।"

"व्हय साहेब!" भास्करभाऊ ओरडलेच. "आमच्या इकडचा शेवगा असाच जाड!"

बाईंनी मान डोलावली आणि मुकाट्यानं पोळी खाल्ली. सोमवारी बदली रद्द झाली.

यातलं एकच मी पदरचं घातलं. बाई मुकाट्यानं पोळी खात बसल्या, हे खोटं. त्यांनी ताट पुढं सरकवलं आणि म्हणाल्या, "तो एक फली इधर भी दीजिए!"