बाबांचा कापरा हात आणि माझा लाल भोपळा

हसणार नाही अशी आधी शपथ घ्या, तरच सांगते. घेतली? मग ऐका, माझ्या शहाणपणाने घरच्या म्हाताऱ्याचे काय हाल झाले ते!

मी मोखाड्याजवळच्या एका पाड्यावर अंगणवाडी सेविका. पोरांना 'अ' जीवनसत्त्वाचा डोस पाजते. या कामात एक गोष्ट शिकले: 'घेतलं' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही! लोहाच्या गोळ्या कुडाच्या भिंतीत खोचून "घेतल्या बाय" म्हणणाऱ्या बाया मी काय कमी पाहिल्यात? डोळ्यांसमोर गिळली, तरच ती गोळी पोटात गेली.

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, दम लागायचा. जव्हारच्या दवाखान्यातून गोळ्या आणल्या, सकाळ-संध्याकाळ एकेक. मी स्वतः समोर बसून गिळवायचे. आणि थोड्याच दिवसांत बाबांचा हात कापायला लागला! चहा पोटात कमी, अंगावर जास्त. जन्मभर बांबूच्या टोपल्या विणलेला माणूस कोयता बाजूला ठेवून बसला.

"बाय, हात गेला तं मी काय कामाचा?"

पोशेरा गावचे एक आजोबा असेच कापत कापत अंथरुणाला खिळले होते. कंपवात! दुसरं काय असणार?

मोबाईल उघडला. एक जण सांगत होता, कंपवाताचा 'अ' जीवनसत्त्वाशी संबंध असू शकतो. त्यातलं 'असू शकतो' माझ्या कानात शिरलंच नाही. 'अ' म्हणजे तर माझंच खातं!

झालं! सकाळी लाल भोपळा, दुपारी शेवग्याचा पाला, संध्याकाळी पपई.

"मी काय बकरा हाय का?" बाबा कुरकुरायचे. मी ऐकते कशाला?

महिना झाला. हात कापत होताच, वर तळवे हळद लावल्यासारखे पिवळे! पुन्हा मोबाईल. आता दुसराच कुणी सांगत होता, 'अ' जास्त झालं की यकृताला धोका. कंपवात होताच, आता कावीळ मी दिली? नवरा भिवंडीला कामावर. तो आल्यावर त्याला काय तोंड दाखवू?

बाबांना जीपमध्ये कोंबलं आणि जव्हार गाठलं. वाटभर मी देवाला नारळ बोलत होते आणि बाबा बाहेर बघत म्हणत होते, "भातं बरी हायेत औंदा."

डॉक्टरांनी बाबांची पापणी खाली ओढली. "डोळे पांढरे आहेत, कावीळ नाही. भोपळा-पपई फार झाली. रंग उतरेल."

"आणि कंपवात? 'अ' जीवनसत्त्व?"

"त्यावर संशोधन चालू आहे, ठाम काही नाही. बाबा, दम्याच्या गोळ्या किती घेता?"

"सकाळी दोन, सांजला दोन."

"दोन? मी एकेक सांगितली होती!"

"येक माझी मी घेतं. मंग ही येते. घेतली म्हटलं तं आयकतच नाय! परत गिळाय लावते."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "अहो, या गोळीनेच हात कापतो. एकेक घेऊ द्या, थांबेल."

मला रडू फुटलं. बाबांचा हात वाचला म्हणून आनंदाचं, आणि तो मीच घालवत होते म्हणून लाजेचं. तेवढ्यात बाबा पुढे सरकले.

"सायेब, हिच्यावर काय औषध हाय का?"

"सुनेवर?" डॉक्टर म्हणाले, "त्यावर तर अजून संशोधनच सुरू झालेलं नाही!"