पणजीची आई

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. घानातल्या आम्हा अशांती जमातीत तर कुणाचंच मूळ उघड बोलायचं नाही. पूर्वी उत्तरेकडून विकत आणलेल्या बायका घराघरांत मिसळल्या, त्यांच्या लेकी त्या घरच्याच झाल्या. जो तोंड उघडेल त्याला मेंढीचा दंड.

माझ्या लांबच्या नात्यातल्या डुफी मावशीला हे माहीत नव्हतं थोडंच! पण बाजारात कच्ची केळी विकणाऱ्या या बाईची जीभ कोयत्यासारखी. आमच्या कुळाची थोरली बाई वारली आणि तो मान आपल्यालाच मिळावा म्हणून मावशी इरेला पेटली. आड येत होती नात्यातली सेरवा. आमचं कूळ आईकडून चालतं, म्हणून मावशी सेरवाच्या पणजीची चौकशी करत दारोदार फिरली. कुणाचं सार करपायला लागलं, कुणाला अचानक ऐकू येईना. सगळे गप्प, म्हणजे सेरवाचंच काहीतरी काळंबेरं आहे, असं तिने ठरवून टाकलं.

भर बैठकीत ती उभी राहिली. सेरवाची पणजी कुणाच्या पोटची ते सांगा, मेंढी मी देते, म्हणाली. मी तर हबकलेच. असं कुणी बोलल्याचं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

कुळप्रमुख बेडियाको आजोबांनी तिला दोनदा बसायला सांगितलं. ती बसेना.

"मग आधी तुझं सांग, पोरी."

मावशीने ताठ मानेने आई सांगितली, आजी सांगितली, पणजी सांगितली.

"तिची आई?"

मावशी अडली. नाव विसरलं की म्हाताऱ्या पुढचं सांगतात, तशी रीतच आहे. तिने त्यांच्याकडे पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली.  

तेवढ्यात सेरवा बोलली, "माझ्या पणजीची आई तीच हिच्या पणजीची आई. मला लहानपणी असंच सांगितलंय."

आजोबांनी काठी आपटली. "ऐकलंत? झालं."

मान सेरवाला मिळाला.  घरी येताना मावशी वाटेतच थांबली.

"म्हणजे विकत आणलेलीच्या वंशातली मीच? आणि सेरवाने ते झाकलं?"

तिने माझं मनगट धरलं.

"सगळ्यांना ठाऊक होतं? तुलासुद्धा?"

मी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि चालू लागले.