तपासलेली बाई

"हिला मी किती वेळा तपासलंय!" मॅडम पाहुण्यांना सांगत होत्या. "कधी बेसिनवर अंगठी, कधी उशीखाली साखळी. आठ वर्षांत एकदाही लबाडी नाही. तुम्ही करून बघा."

मी समोरच उभी. हातात कांदाभजीचं ताट. आणि मी हसले. दात काढून हसले. त्या हसण्याची अजून लाज वाटते.

मुरबाडजवळच्या त्या फार्महाऊसवर मी झाडलोट करायची. सापडलेली वस्तू मॅडमच्या हातात द्यायची आणि घरी येऊन फुशारकी मारायची, "लय विसरभोळी बाई. मी आहे म्हणून निभावतंय." नवरा म्हणायचा, "आता तुझा पुतळाच उभारतील." बावळट मीच निघाले.

मी काय संत नाय. त्यांच्या झाडाखालच्या कैऱ्या पदरात घालून आणल्यात, लोणचंही घातलंय. पण लहानपणी विहारात पंचशील म्हणताना आई मधेच थांबवायची. "न दिलेलं घेणार नाय म्हणतेस. कळलं का काय म्हणालीस?" तेव्हापासून सांभाळत आले. कधी जमलं, कधी कैरी आडवी आली. आणि या बाईला वाटलं, तिच्या सापळ्यांनी मला वळण लावलं.

दुसऱ्या दिवशी पाहुणीच्या पलंगावर सोन्याचं कानातलं. दाराआड खुसखुस. मोबाईल माझ्यावर धरलेला.

मी झाडू भिंतीला टेकवला. "उचला ते. मी उचलायची नाय."

"अगं मावशी, मस्करी केली," मॅडम म्हणाल्या. "एवढं काय त्यात?"

"मग पाहुण्यांच्या पर्सा तपासा. मस्करीत."

काम त्याच दुपारी गेलं. सोमवारपासून माझी धाकटी जाऊ तिथे जाते. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "घेऊ दे परीक्षा. पोट भरतंय ना?" माझ्या घरात तरी कुठे डबे भरलेत.

कुणाचं काय बदललं नाय. माझ्याही मनात येतं, तेव्हा ते कानातलं उचलून दिलंच असतं तर? या विचाराशी रोज सकाळी भांडते. काही सकाळी तोच जिंकतो.

परवा शहापूरला दुसऱ्या बंगल्यावर काम विचारायला गेले. मालकांनी वरपासून खालपर्यंत बघितलं. "प्रामाणिक आहेस ना?"

"ते माझं मी बघीन. तुमी काम बघा."

गेट लागलं.

पुढच्या गेटावरही हेच सांगणार. तेही लागलं तरी.