खिळ्याला टांगलेला बिल्ला

"एका फोटोनं काय होतंय?" हे वाक्य आजही कुणी उच्चारलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. समोरचा बिचारा दाताच्या एक्स-रेबद्दल विचारत असतो आणि मी त्याच्यावर खेकसते. एका फोटोनं काही होत नाही, हे मलाही ठाऊक आहे हो! निम्मं आयुष्य तेच फोटो काढण्यात घालवलंय मी. पण हे वाक्य मी पहिल्यांदा कुणाबद्दल ऐकलं, ते सांगितल्याशिवाय माझा राग कुणाला कळायचा नाही.

बाहत्तरच्या दुष्काळातली गोष्ट. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, खासगी दवाखान्यात मी एक्स-रेचं काम करत होते. पुण्याला शिकून आलेली, चोवीस वर्षांची आणि स्वतःला लई शहाणी समजणारी. यंत्र जुनं होतं. शिसं लावलेल्या लाकडी आडोशामागं मी उभी राहायची, काचेतून बघायची आणि बटण दाबायची. मोठी माणसं सांगितलं की श्वास धरतात. लहान पोरं कुठली धरतात? ती हलतात, आणि हललं की फिल्म वाया. म्हणून पोराला टेबलावर दाबून धरायला आमची आयाबाई असायची.

वयानं माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी, पण दवाखान्यातल्या आयाबाईला सगळे मावशी म्हणतात म्हणून मीही म्हणायची. काष्टीकडची, शेतकऱ्याघरची. केवढंही रडतं पोर तिच्या हातात गेलं की हुंदके देत गप्प व्हायचं. तिच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. दोनदा दिवस गेले होते आणि दोनदा पोट पडलं होतं. हे तिनंच मला सांगितलं, कुणा पोराचा मोडका हात धरून, भलतीकडं बघत.

त्या वर्षी दुष्काळी कामांवर बाया खडी फोडायच्या आणि पोरं तिथंच खेळायची. कुणाच्या पायावर दगड पडायचा, कुणी ढिगावरून घसरायचं. आमच्याकडं रांग लागायची. मी म्हणायची, "मावशी, धरा बरं." त्या धरायच्या. पोराला एक फोटो, फार तर दोन. मावशींना सगळ्यांचे.

आता बिल्ल्याचं सांगते. या किरणांपाशी काम करणाऱ्यानं छातीवर एक बिल्ला लावायचा असतो. त्यात फिल्मचा छोटा तुकडा असतो. महिन्यानं तो मुंबईच्या सरकारी कचेरीत जातो आणि त्या माणसाच्या अंगावर किती किरण पडले ते कागदावर लिहून येतं. जरा अंगणात जाऊन आलं तर ऊन बाधत नाही, दिवसभर खडी फोडली तर भोवळ येते. पण ऊन निदान चटका देऊन सांगतं तरी. हे किरण सांगत नाहीत. थोडे थोडे पडत राहतात, आणि जितके जास्त पडतील तितका धोका वाढत जातो. पोटात वाढणाऱ्या जिवाला मोठ्या माणसापेक्षा जास्त, आणि पहिल्या महिन्यांत तर फारच. एवढं मला शिकवलं होतं. परीक्षेत मी ते घडाघडा लिहिलंही होतं.

आमच्याकडं बिल्ला एकच होता, माझ्या नावाचा. आणि तो कुठं असायचा? डॉक्टरसाहेबांच्या केबिनमध्ये, खिळ्याला टांगलेला! "सरकारी वस्तू आहे, सिस्टर. हरवली तर मुंबईला उत्तर कोण देणार?" दर महिन्याला कागद यायचा, सगळं ठीक. साहेब तो फायलीला लावायचे आणि तपासणीला कुणी आलं की फाईल पुढं करायचे. मीही कधी तोंड उघडलं नाही, हे लिहिताना लाज वाटते.

एका दिवशी मावशींनी दुपारपर्यंत अकरा पोरं धरली. शेवटच्या वेळी त्या आडोशामागं उभं राहायची मला शरम वाटली. मी केबिनमधून बिल्ला काढून आणला आणि त्यांच्या पदराला टाचला.

"ह्ये काय वो सिस्टर, दागिना?"

"दागिनाच समजा. आल्यावर लावायचा, जाताना माझ्याकडं द्यायचा."

महिनाभर त्यांनी तो मिरवला. साहेबांचं खिळ्याकडं लक्ष कधी नव्हतंच.

बिल्ला मुंबईला गेला. उत्तर यायच्या आत एका दुपारी मावशी लाजत लाजत म्हणाल्या, "सिस्टर, मला तिसरा सरला."

"काय सरला?"

"म्हयना वो! तीन म्हयने कुनाला सांगायचं नसतं, दिष्ट लागती. सासूनं बजावलं हुतं. आदीचे दोन गेल्यात ना."

तीन महिने सांगायचं नाही, आणि नेमके तेच तीन महिने! कपाळ माझं. बाईनं ते जगाच्या दृष्टीपासून जपले आणि मी रोज हाक मारून तिला टेबलापाशी उभं केलं.

तशीच साहेबांकडं गेले. "मावशी उद्यापासून पोरं धरणार नाहीत. ज्याचं पोर त्याचा बाप धरील. त्याला एकदाच धरायचंय."

साहेब चहा पीत होते. "एका फोटोनं काय होतंय, सिस्टर?"

"एका नाही हो साहेब, रोजचे दहा-बारा!"

"बाप घाबरतात, हलतात. फिल्म वाया जाते. आणि तुमचे कागद बघा ना, सगळे ठीक आहेत."

कागद! खिळ्याचे कागद मलाच दाखवत होता हा माणूस!

आठवड्यानं मुंबईचं पत्र आलं. माझ्या नावावर मर्यादेबाहेर किरण, खुलासा करा. साहेबांचा पारा चढला. मी खरं ते सांगून टाकलं. मावशींच्या अंगावर एवढे किरण पडले याचं त्यांना काही वाटलं नाही, दवाखान्याची फाईल खराब झाली याचं वाटलं. म्हणाले, "मग तिला काढूनच टाकतो. मिटलं?" दुष्काळात, पोटुशी बाईला!

"तिला काढलंत तर उद्यापासून बटण तुम्हीच दाबा," मी म्हणाले. तालुक्यात ते यंत्र चालवणारं दुसरं कुणी नव्हतं. मावशी पट्ट्या बांधायच्या खोलीत गेल्या आणि बाप लोक पोरं धरू लागले. दोन-चार फिल्म वाया गेल्या. त्यानं काही आभाळ कोसळलं नाही.

पुढचे महिने मी दिवस मोजत काढले. रविवारी चर्चमध्ये बसले की दुसरी प्रार्थनाच सुचायची नाही.

मुलगी झाली. धडधाकट, हातापायांची बोटं मी स्वतः मोजली. बारशाला साहेब आले, घुगऱ्या खाल्ल्या आणि सगळ्यांदेखत मला म्हणाले, "बघा सिस्टर, झालं का काही?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. टळला म्हणजे धोका नव्हताच का? दुसरीच्या पोटावर डाव लावायचा, तिला न विचारता, आणि वर तोंड करून हसायचं!

बाया पांगल्यावर मावशींनी मला पाळण्यापाशी बसवलं. पत्राची हकीकत मीच त्यांना सांगितली होती. पाळण्याची दोरी ओढत त्या म्हणाल्या, "सिस्टर, मी तवाबी पोरं धरत हुते. मंग आदीच्या दोगांचं वो?"

त्यामुळंच गेले असं म्हणता येत नाही. किरण नसतानाही बायकांची पोटं पडतात. त्यामुळं गेले नाहीत, असंही म्हणता येत नाही. तेव्हा त्यांच्या अंगावर किती पडले ते ठाऊक असतं तर निदान अंदाजानं काही बोलता आलं असतं.

"मला माहीत नाही, मावशी."

"मुंबईच्या कागदात आसंल की," त्या म्हणाल्या. "तुमी तर दर म्हयन्याला धाडत हुता न्हवं?"

धाडत होतो. सगळे कागद फायलीला नीट लावलेले होते, एकही महिना न चुकता. खिळ्याच्या अंगावर किती किरण पडले, ते त्यांवर लिहिलेलं होतं.